दानिएलनंतर, ढवळीच्या आधी

"आन् गेनू न्हाव्याच्या गुडघ्याकडं बघ, बापा. काल चावडीच्या पायरीवर बसला तो उठंना. त्याचा हात तेवढा थरथरू देऊ नको, सगळ्या गावाच्या माना त्याच्या वस्तऱ्याखाली हायती."

तांबडं फुटायचं होतं, आणि माझ्या सासूबाई ओट्यावर गुडघे टेकून देवाशी बोलत होत्या. बोलत कसल्या, हाका मारत होत्या. मी आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावर ओढून पडले होते. सातवा महिना सरत आलेला. कूस बदलायची तर आधी बेत करावा लागे.

"तान्हीबाईची सून माहेरून परत येऊ दे. तान्हीबाईची जीभ जरा आवर, म्हंजी ती येईल. सरपंचाला अक्कल दे. थोडी दिलीस तरी भागंल."

आमच्या वाडीत ख्रिस्ती लोकांची सोळा घरं. ती सोळाही प्रार्थनेत यायची, शिवाय गावातली यायची. दुसऱ्याची चूल आधी, आपली मागून, असा आत्याबाईंचा नेम होता. (सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्यांचं नाव रिबका.) म्हणून आमच्या घराची पाळी अगदी शेवटी.

"आन् माझा दानिएल. परगावी हातानं भाकरी थापतो. त्याचे हात भाजू देऊ नको."

दानिएल माझा नवरा. तीस मैलांवरच्या शाळेत मास्तर. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा.

मग आत्याबाई थांबल्या. त्या इथे रोजच थांबायच्या. एवढं बोलून घसा सुकत असेल, तांब्यातलं घोटभर पाणी पीत असतील, असं मी धरून चालले होते.

"आन् ढवळी, बापा. गाभन हाय. तिला सुखानं मोकळी कर. येशूच्या नावानं मागते. आमेन."

ढवळी म्हणजे आमची शेळी. आता सांगा, न्हावी झाला, सरपंच झाला, नवरा झाला, शेळी झाली. देवाच्या दरबारात शेळीची वर्णी लागली आणि घरची पोटुशी सून मात्र नाही! मी पांघरुणात दात-ओठ खात पडले. पण याला कारण मीच होते, हे आधीच कबूल करते. नाहीतर तुम्ही त्या म्हातारीला बोल लावाल.

मी नगरची. शहरात वाढलेली, शिकलेली, ट्रेनिंग झालेली. लग्न होऊन आले तेव्हा गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. आमच्या घरी प्रार्थना म्हणजे डोळे मिटायचे आणि मनात काय ते म्हणायचं. इथे आले तर पहिल्याच पहाटे दचकून उठले. वाटलं, बाहेर भांडण चाललंय.

"आत्याबाई, देव काय बहिरा आहे का?" मी आठ दिवसांनी विचारलं.

"त्यो कशाला बहिरा आसंल? त्याला मनातलं पन कळतं."

"मग इतकं मोठ्यानं कशाला?"

त्यांनी भाकरी उलटली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मास्तरीणबाईंना एवढंही कळू नये! "त्याला कळलं. शेजाऱ्याला कळाया पायजे का न्हाई?"

आणि खरंच तसं व्हायचं. आत्याबाईंनी पहाटे म्हणावं, 'बापा, मंजुळाच्या घरी कालपासून पीठ न्हाई,' आणि दिवस वर यायच्या आत मंजुळाच्या दारात पिठाची तीन सुपं. कुणी ठेवली ते कुणी विचारायचं नाही. वाडीतली माणसं अंथरुणात पडल्या पडल्या ती प्रार्थना ऐकायची. कोण आजारी, कोण रुसलंय, कुणाचं पोर हुकलंय, सगळं तिथून कळायचं. दुसऱ्यांचं ऐकायला मलाही गंमत वाटायची. आपल्यावर आली तेव्हा कळलं.

लग्नानंतर वर्षभरात मला दिवस राहिले. दानिएलला सांगितलं, त्यानं आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे:

"माझ्या इस्तेरला दीड म्हैना झाला, बापा. तिला चिंच खावीशी वाटती, पर लाजती."

मी आडावर पाण्याला गेले तर अकरा बायांनी माझ्या ओच्यात चिंच टाकली. एक तर म्हणाली, "लाजायचं काय त्याच्यात?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण खरं सांगायचं तर चिंच मी खाल्ली.

तिसऱ्या महिन्यात ते गेलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पहाट झाली आणि ओट्यावरून आवाज आला, रडका, फाटलेला, पण तितकाच मोठा. "इस्तेरची कूस रिती झाली, बापा..."

त्या दिवशी वाडीतल्या बाया एकेक करून आल्या, जवळ बसल्या, डोक्यावरून हात फिरवून गेल्या. आज कळतं, त्या मायेनं आल्या होत्या. तेव्हा वाटलं, माझं दुःख चावडीवर मांडलं. संध्याकाळी मी उठले आणि चुलीपुढे बसलेल्या आत्याबाईंना जे तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हणाले, "यापुढं माझं नाव तुमच्या प्रार्थनेत घ्यायचं नाही. कधी नाही. शपथ आहे तुम्हाला."

त्या फुंकणी हातात धरून ऐकत होत्या. वाटलं होतं भांडतील. नुसतं "बरं" म्हणाल्या.

आणि पाळलं. दोन वर्षं. आत्याबाईंच्या शब्दाला कधी चीर पडायची नाही. नऊ वर्षांच्या असल्यापासून दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली, सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, एका लेकराला वाढवलं, दोन लुगड्यांत जन्म काढला आणि दिलेला शब्द एवढीच काय ती इस्टेट. मला मात्र सुरुवातीला बरं वाटलं, मग चुकचुकल्यासारखं झालं, आणि दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तर ते नाव कानांना हवंहवंसं झालं. पोटात लेकरू हललं की जीव भीतीनं गोळा व्हायचा. वाटायचं, कुणीतरी माझ्यासाठी मागावं. पण मी म्हणायचं कसं? शपथ मी घातलेली. नाक माझं.

त्या पहाटे मात्र शेळीनं डोकंच फिरवलं. आत्याबाई आत आल्या तशी मी म्हणाले, "ढवळीचं बरं चाललंय. रोज नाव निघतं."

"गाभन हाय. जपावं लागतं."

"हो ना. गाभण शेळीला जपावंच लागतं."

टोमणा कळला की नाही देव जाणे. त्यांनी माझ्या पुढ्यात दुधाचा पेला ठेवला. ढवळीचंच दूध, ती आटत चालली होती तरी जेमतेम पेलाभर निघायचं. त्या स्वतः कोरा चहा प्यायच्या. "पी," म्हणाल्या आणि खुरपं घेऊन कामाला गेल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी मी आडावर पाय घसरून पडले. आत्याबाईंनी दहा वेळा बजावलं होतं, तू पाण्याला जाऊ नको म्हणून. पण मी रागात होते, गेले. शेवाळलेल्या दगडावर बसकण मारली ती जोरात. आजूबाजूला कुणी नव्हतं. आधी कुणी बघितलं नाही याचंच बरं वाटलं. केवढी मूर्ख मी!

घरी आले. आत्याबाई माझ्या शेवाळ लागलेल्या पदराकडे बघत राहिल्या. "काय झालं गं?"

"काही नाही."

"पडलीबिडली न्हाईस ना?"

"काही नाही म्हटलं ना!"

त्या चुलीकडे वळल्या. सांगितलं असतं तर उद्या सगळी वाडी दारात, हे माझ्या डोक्यात पक्कं. मी लवकर निजले. कंबर ठणकत होती, ती निजल्यावर थांबेल असं मनाला समजावलं.

पहाटे जाग आली ती कळ येऊन. एक आली, गेली. दुसरी आली. अजून दीड-दोन महिने अवकाश होता. ओट्यावर आत्याबाईंचं सुरू झालं होतं. गेनूचा गुडघा, तान्हीबाईची सून. हाक मारावी तर साऱ्या वाडीला ऐकू जाणार. म्हटलं, प्रार्थना होऊ दे. दानिएल होईल, मग ढवळी, मग आमेन. आमेन झालं की त्या आत येतील, तेव्हा हळूच सांगू. मी पदराचा बोळा तोंडात धरला आणि शेळीची वाट बघत पडले.

सरपंच झाला. मंजुळा झाली. तिसरी कळ.

"आन् माझा दानिएल. त्याला वाटंत सांभाळ."

आणि आत्याबाई थांबल्या.

मी मनात म्हटलं, प्या पाणी, लवकर प्या. ढवळी काही येईना. मी आकडे मोजले. साठ झाले, शंभर झाले. बाहेर चिटपाखरू बोलत नव्हतं. चौथी कळ आली तेव्हा मला घाम फुटला, आणि आता आत्याबाईंनाच तर काही झालं नाही ना, या भीतीनं मी भिंत धरून उठले. दारापर्यंत कशीबशी गेले.

आत्याबाई गुडघ्यांवर होत्या. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. ओठ हलत नव्हते. जवळ तांब्या नव्हता. पाणी पिण्यासाठी तिथे काही नव्हतंच मुळी. मिटल्या डोळ्यांतून पाणी मात्र गालांवरून खाली चाललं होतं.

मी हाक मारणार, तोच शेजारच्या हौसाबाई पदर खोचत पळत आल्या. त्यांच्या मागे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. वाडीत एकुलती बैलगाडी त्यांच्या नवऱ्याची, यकोबदादांची, आणि ते ती जुंपूनच घेऊन येत होते. गाडीत कडबा, वर गोधडी.

"कळा येत्यात का गं?" हौसाबाईंनी मला काखेत धरलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? येवढा येळ ती कधी थांबली व्हती का तुझ्यावर?"

"माझ्यावर?"

"मंग कुनावर? दानिएल झाला, ढवळी व्हायची हाय. मधी कोन ऱ्हातं तुमच्या घरात?"

मी वळून आत्याबाईंकडे बघितलं.

"आगं, सगळ्या वाडीला ठावं हाय," हौसाबाई मला पायरीवरून उतरवत म्हणाल्या. "तुझं नाव घ्यायचं न्हाई म्हनून ती तुझ्या जागी गप बसती. दोन वर्सं झाली. चार-पाच म्हैन्यांमागं ते गप बसनं लांबलं, तवा आमी वळखलं, इस्तेरबाईला दिस गेलं. आज तर संपंच ना. ह्यांनी आयकलं आन् म्हनाले, गाडी जुंपतो, हितं कायतरी इपरीत हाय."

माझं गुपित! शिकलेली मी, पदराआड पोट लपवून शाळेत जात होते, आणि आत्याबाईंनी एक अक्षर न बोलता ते सोळा घरांना सांगून ठेवलं होतं.

"आत्याबाई!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाडीत मी मोठ्यानं ओरडले.

त्यांनी डोळे उघडले. गाडी बघितली, मला बघितलं, आणि उठून तडक गाडीत चढून बसल्या. आमेनही म्हटलं नाही. माझं डोकं मांडीवर घेतलं. तालुक्याचा दवाखाना आठ मैल.

गावाची शीव ओलांडली तेव्हा एक कळ अशी आली, की मला वाटलं झालं, हेही गेलं. मी त्यांचा हात घट्ट धरला. "आत्याबाई, आता घ्या माझं नाव."

"शपथ हाय ना."

"सुटली म्हणते ना शपथ! घ्या. मोठ्यानं घ्या."

मग काय विचारता! दोन वर्षं अडवून धरलेलं पाणी सुटलं. "माझी इस्तेर, बापा! माझ्या दानिएलची इस्तेर! लई शिकलेली, लई तापट, पर पोटात काय ठिवत न्हाई! तिचं लेकरू दे तिला! न्हाई म्हनू नको, बापा, यकदा न्हाई म्हनून झालंय तुझं!" रस्त्यानं रानात निघालेली माणसं थांबून बघत होती. पुढच्या गावच्या वेशीत दोन बाया विहिरीवरून धावत आल्या, त्यांनी पाणी दिलं, एकीनं डोक्यावरची चुंबळ सोडून माझ्या कमरेखाली दिली. ओळख ना पाळख. यकोबदादा बैलांना हाकत मध्येच "आमेन, आमेन" म्हणत होते. मला लाज वाटली नाही. त्या आवाजाला धरूनच मी ते आठ मैल काढले.

मुलगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल एवढी. नर्सबाईंनी कापसात गुंडाळून ठेवली आणि म्हणाल्या, आजचा दिवस काढला तर उद्याचं बघू. दिवस काढला तिनं. दुपारी मुठी वळून रडली, चांगली खणखणीत. आत्याबाई म्हणाल्या, "घसा आमचाच हाय."

संध्याकाळी त्या माझ्या खाटेशी जमिनीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, त्या थांबण्यात तुम्ही काय म्हणायचात हो?"

"काय न्हाई."

"मनात तरी?"

"मनात पन न्हाई. तू म्हनलीस नाव घ्याचं न्हाई, म्हंजी मनात तरी कसं घ्यायचं? तुला नुसती त्याच्या म्होरं उभी करायचे. त्याला काय दिसत न्हाई व्हय?"

मी तोंड उशीत खुपसून रडले. त्यांनी थोपटलं. मग एकदम त्यांचा हात थांबला.

"आगं बया! ढवळी ऱ्हायली!"

आणि त्या दवाखान्याच्या खोलीत, पाच बाळंतिणींच्या मधोमध, गुडघे टेकून त्यांनी पहाटेची प्रार्थना पुरी केली. ढवळी, गाभण आहे, सुखानं मोकळी कर, आमेन. बाकीच्या चौघीही आमेन म्हणाल्या. घरी गेलो तेव्हा कळलं, ढवळी त्याच सांजेला व्याली होती. करडं दोन, दोन्ही पाठी, दोन्ही पांढऱ्या.

मुलीचं नाव सुवार्ता ठेवलं. ती आता स्वतः आजी होईल.

आत्याबाई त्र्याण्णव वर्षं जगल्या. तालुक्यापलीकडे कधी गेल्या नाहीत, वाचायला कधी शिकल्या नाहीत, संध्याकाळी मी बायबलातला अध्याय वाचायची आणि त्या ऐकायच्या. पहाट मात्र त्यांची होती. माझं नाव रोज निघायचं, माझ्या अवगुणांसकट, आणि वाडी ते ऐकायची. मी कधी हूं की चूं केलं नाही.

शेवटच्या दोन वर्षांत त्या नावं विसरायला लागल्या. आधी गावातली गेली, मग सोळा घरांतली. मग सुवार्ताचं. एके दिवशी दानिएलचं गेलं. तो आत जाऊन डोळे पुसून आला. मग माझं. पण पहाटे ओट्यावर न्यायलाच लागायचं. गुडघे टेकवेनात, म्हणून खुर्चीवर बसायच्या, हात मांडीवर उताणे ठेवायच्या आणि गप्प राहायच्या. बराच वेळ. मग आमेन.

नवीन पाळकसाहेब भेटायला आले होते, तरुण होते. हळहळले. "बाईंची प्रार्थना फार ऐकून होतो. बिचाऱ्या विसरल्या."

"विसरल्या नाहीत, साहेब," मी म्हणाले. "आता सगळ्यांनाच नुसतं त्याच्यापुढं उभं करतात."

मार्च महिन्यातल्या एका पहाटे त्या अशाच बसल्या होत्या. मी उंबऱ्यात होते. थांबणं लांबलं. रोजच्यापेक्षा लांबलं, मग फारच लांबलं. शेजारी हौसाबाईंच्या घरात खाट करकरली, कुणीतरी दार उघडून बाहेर येऊन उभं राहिलं. समोरच्या घरातून कुणी आलं. सगळे आमेनची वाट बघत होते.

मी जवळ जाऊन त्यांच्या उताण्या हातावर हात ठेवला. मग खाली गुडघे टेकले आणि म्हणाले, "आणि माझ्या आत्याबाई, बापा. रिबका." जन्मभर त्यांनी स्वतःचं नाव काही त्याच्यापुढं काढलं नव्हतं. "येशूच्या नावानं मागते. आमेन."

मोठ्यानं म्हणाले. सगळ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.